मुलांचा आवाज आणि घरचे कान

रेडिओचा आवाज मोठा वाटला तर आपण हात पुढे करून एक कळ फिरवतो आणि तो लहान करतो. लहान मुलाच्या गळ्याला अशी कळ बाहेरून बसवलेली नसते. ती त्याची त्यालाच आतून फिरवावी लागते, आणि ती कोठे आहे व किती फिरवावी हे त्याला जन्मतः ठाऊक नसते. हे ध्यानात न घेता आपण दिवसातून दहा वेळा त्याला बजावतो, "अरे, हळू बोल!" मौज अशी की, पुष्कळ घरांत हेच वाक्य सर्वांत मोठ्या आवाजात उच्चारले जाते. मूल क्षणभर थांबते आणि पुन्हा पहिल्याच पट्टीत सुरू होते. मग त्याला हट्टी, दांडगट, बेशिस्त अशी विशेषणे मिळतात.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना आपला बोलण्याचा आवाज ताब्यात ठेवण्यास कसे शिकवावे, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. विषय दिसायला लहान आहे. परंतु त्याचे परिणाम लहान नाहीत. सदैव ओरडणाऱ्या मुलाचा गळा बिघडतो, आणि पुढे त्याचे बोलणे कोणी मनावर घेईनासे होते. उलट, सदैव दटावले गेलेले मूल हळूहळू बोलणेच सोडून देते. ताबा म्हणजे गप्प बसणे नव्हे. प्रसंग पाहून आवाज लहान करता येणे आणि प्रसंग पाहून तो मोठाही करता येणे, या दोहोंना मिळून ताबा म्हणतात.

प्रथम आवाजाचे साधन कसे आहे ते पाहू. आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरपट्ट्या असतात. फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने त्या थरथरतात आणि ध्वनी उमटतो. प्रौढ पुरुषाच्या स्वरपट्ट्यांची लांबी सुमारे वीस मिलिमीटर असते, तर नवजात अर्भकाच्या पट्ट्या त्याहून पुष्कळच आखूड असतात. बोलताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला सुमारे १२० वेळा, स्त्रीच्या सुमारे २०० वेळा, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाच्या २५० ते ३०० वेळा एकमेकींवर आपटतात. शिवाय मुलाच्या पट्ट्यांतील थरांची घडण पुरी झालेली नसते. ती किशोरवयापर्यंत चालू राहते. मोठ्याने ओरडताना हे आपटणे अधिक जोराने होते. एवढ्याशा कोवळ्या साधनाकडून मूल दिवसभर केवढे काम करून घेते, याची यावरून कल्पना यावी.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. आवाजाचा मोठेपणा वेगळा आणि त्याची उंची वेगळी. ग्वाल्हेर-इंदूरकडील श्रोत्यांना गाण्याच्या भाषेत सांगायचे तर, तंबोऱ्याची तार हलकेच छेडली काय किंवा जोराने छेडली काय, स्वर तोच राहतो. तो फक्त लहान किंवा मोठा होतो. मंद्र, मध्य आणि तार ही सप्तके स्वराची उंची सांगतात, मोठेपणा नव्हे. लहान मुलांना हा भेद साधत नाही. आवाज मोठा करताना ती तो उंचही चढवतात, आणि म्हणूनच त्यांचे ओरडणे कानाला टोचते. तेव्हा आपण शिकवावयाच्या गोष्टी दोन आहेत: आवाज लहान-मोठा करणे, आणि तो मोठा करतानाही गळा न ताणता खालच्या, मोकळ्या स्वरात ठेवणे.

आता मुले ओरडतात तरी का? एक कारण कोणत्याही माणसाला लागू आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घसातज्ज्ञाने १९११ साली असे दाखवून दिले की, भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. आज हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. घरात टेलिव्हिजन चालू आहे, कोणी मोबाइलवर चित्रफीत लावून बसले आहे, स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो आहे. अशा वेळी मुलाने हळू बोलावे ही अपेक्षा निसर्गाविरुद्ध आहे. प्रथम यंत्रांचा आवाज उतरवावा, मुलाचा पुष्कळसा आपोआप उतरेल.

दुसरे कारण वयाचे आहे. स्वतःचे बोलणे स्वतः ऐकून त्याच क्षणी ते सुधारणे ही क्रिया आपल्याला सहज वाटते. पण ती मुलात हळूहळूच येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी बोलणाऱ्यांच्या कानी त्यांचाच आवाज किंचित बदलून ऐकवला. त्यातील स्वरवर्ण थोडे वेगळे केले. प्रौढांनी आणि चार वर्षांच्या मुलांनी लगेच आपला उच्चार बदलून तो फरक भरून काढण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांच्या मुलांनी मात्र काहीच बदल केला नाही. हा प्रयोग उच्चाराविषयी होता, मोठेपणाविषयी नव्हे. तरी त्यातून एक बोध घेण्याजोगा आहे. अगदी लहान मूल स्वतःच्या कानापेक्षा समोरच्या माणसावर अधिक विसंबते. तेव्हा आरंभी त्याचे कान आपणच व्हायचे असते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आई कामात आहे. मूल जवळ येऊन साध्या आवाजात म्हणते, "आई." उत्तर नाही. पुन्हा म्हणते, "आई, बघ ना." तरीही उत्तर नाही. तिसऱ्या वेळी आवाज चढतो, आणि चौथ्या वेळी ते किंचाळते. तेव्हा कोठे आई वळून म्हणते, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?" पाहा बरे, या चार हाकांत मुलाने काय शिकून घेतले! पहिल्या तीन हाकांना मोल नाही, चौथीला आहे. दुसऱ्या दिवशी ते शहाणे मूल पहिल्या तीन हाका वाया घालवीत नाही. ते चौथीपासूनच आरंभ करते. आपण याला वाईट सवय म्हणतो. वस्तुतः तो आपणच घालून दिलेला धडा असतो.

म्हणून आवाजाच्या शिक्षणाचा पहिला पाठ मुलाने नव्हे, तर घरातील मोठ्या माणसांनी गिरवायचा आहे. मुलाच्या पहिल्या, साध्या हाकेला उत्तर द्यावे. दर वेळी हातातील काम टाकलेच पाहिजे असे नाही. मान वळवावी, खांद्यावर हात ठेवावा, आणि म्हणावे, "ऐकलं हं, एवढी पोळी होऊ दे." मग पोळी झाल्यावर खरोखरच त्याच्याकडे जावे. सांगितलेला शब्द पाळला नाही, तर ही सगळी युक्ती चार दिवसांत फुकट जाते. हळू आवाजालाही उत्तर मिळते असा भरवसा ज्या मुलाला आला, त्याला ओरडण्याचे निम्मे कारण उरत नाही.

दुसरा पाठ अंतराचा. स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या मुलाला हाक, गच्चीवरून त्याचे उत्तर, पुन्हा खालून प्रश्न. असे संभाषण आपल्या घरांत नित्य चालते. आईने ओरडून विचारायचे आणि मुलाने मात्र हळू बोलायचे, हे जुळणार कसे? उघड्या जागी अंतर निम्मे झाले की कानापर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबेलने वाढतो. म्हणजे आठ पावलांवरून दोन पावलांवर आलो, तर घशाला काडीचेही कष्ट न देता बारा डेसिबेल पदरात पडतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेलांचे आणि कुजबुज सुमारे ३० डेसिबेलांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे बारा डेसिबेल ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेव्हा आवाज चढवण्याआधी चार पावले चालावे, हा नियम मोठ्यांनी पाळावा आणि मग मुलांना शिकवावा. "मला सांगायचं असेल तर जवळ ये" हे वाक्य "ओरडू नकोस" या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण त्यात काय करू नये याऐवजी काय करावे ते सांगितलेले आहे.

आता भाषेची एक अडचण. आपल्या मराठीत "हळू" या शब्दाचे दोन अर्थ होतात. "हळू चाल" म्हणजे वेग कमी कर, आणि "हळू बोल" म्हणजे आवाज लहान कर. तीन वर्षांच्या मुलाने हा भेद कसा ओळखावा? "हळू बोल" म्हटल्यावर कित्येक मुले तेच वाक्य तितक्याच मोठ्याने, पण एकेक अक्षर लांबवून म्हणतात. आपल्याला ती चेष्टा वाटते. ती बहुधा आज्ञापालन असते! म्हणून मुलाला आवाजाची मापे द्यावीत, आणि ती त्याच्या ओळखीच्या जागांवरून द्यावीत. पहिला पाळण्याजवळचा आवाज: तान्हे बाळ निजले असताना आपण बोलतो तो. दुसरा पानावरचा आवाज: जेवायला बसल्यावर शेजारच्याला ऐकू जाईल एवढा. तिसरा पटांगणावरचा आवाज: खेळताना दूरच्या गड्याला हाक मारावी असा. ही नावे एकदा रुळली की आज्ञा सोपी होते. "आता पानावरचा आवाज हं" एवढे म्हटले की मुलाला नेमके कळते. आणि हे सांगताना आपला स्वतःचा आवाजही पानावरचाच असावा, हे निराळे सांगायला नको.

ही मापे रागाच्या वेळी शिकवू नयेत. मूल शांत, आनंदी असताना खेळ म्हणून शिकवावीत. एकच वाक्य तिन्ही आवाजांत म्हणून पाहावे. गोष्ट सांगताना चिमणी, कावळा आणि अस्वल यांना निरनिराळे आवाज द्यावेत, आणि पुढच्या वेळी ती पात्रे मुलाकडे सोपवावीत. अस्वलाचा आवाज काढताना मुलाला आपोआप मोठा पण खालचा स्वर सापडतो, आणि मघाशी सांगितलेला उंची व मोठेपणा यांतील भेद त्याच्या गळ्याला कळतो. कुजबुज मात्र हळू आवाजाच्या जागी सारखी वापरू देऊ नये. कुजबुजताना स्वरपट्ट्या थरथरत नाहीत. ती केवळ हवा असते. मृदू बोलण्यात स्वर असतो, आणि आपल्याला तो हवा आहे.

याच संदर्भात एका जुन्या प्रयोगाची आठवण ठेवावी. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. एके दिवशी चार महिन्यांचे एक तान्हे मूल हातात घेऊन त्या मुलांपुढे उभ्या राहिल्या, आणि हे बाळ कसे निश्चल आहे, त्याचा श्वासही कसा ऐकू येत नाही, याकडे त्यांनी मुलांचे लक्ष वेधले. मुले त्या बाळासारखी स्तब्ध होऊ लागली. यातूनच त्यांचा शांततेचा खेळ घडला. सर्वांनी स्तब्ध बसायचे. मग शिक्षिका पलीकडच्या खोलीतून एकेकाचे नाव हलकेच उच्चारते, आणि ज्याचे नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जायचे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी ही पद्धती आणली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९४५ पासून बोर्डीला गरीब मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. बडोद्यापासून मुंबईपर्यंत गुजराती आणि मराठी घरांना बालशिक्षणाची ही दृष्टी मिळाली, ती मुख्यतः या दोघांमुळे.

शांततेचा हा खेळ घरीही खेळता येतो. मिनिटभर सर्वांनी डोळे मिटून बसावे, आणि मग कोणी काय काय ऐकले ते सांगावे: पंख्याची घरघर, नळाचे थेंब, रस्त्यावरील फेरीवाल्याची हाक. जे मूल बारीक आवाज ऐकायला शिकते, ते बारीक आवाजात बोलायलाही शिकते. मात्र या खेळाची शिक्षा करू नये. "दंगा केलास, आता मौन धरून बैस" असे म्हटले की शांततेचीच मुलाला अढी बसते.

स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम जवळ आले की एरवी "हळू" म्हणणारी आपण मंडळी "मोठ्याने, आणखी मोठ्याने" असा धोशा लावतो. बिचारे मूल शिरा ताणून भाषण म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसतो. मागल्या रांगेपर्यंत पोहोचायला ओरडणे लागत नाही. ताठ उभे राहणे, लोकांकडे पाहणे, तोंड उघडून प्रत्येक अक्षर पुरते उच्चारणे आणि वाक्याच्या शेवटी श्वास घेणे एवढे पुरते. पाणिनीय शिक्षेत यासाठी वाघिणीचा सुंदर दाखला दिला आहे. ती आपली पिले दातांत धरून नेते, तेव्हा ती खाली पडत नाहीत आणि त्यांना दातही रुतत नाहीत. वर्णांचा उच्चार असा असावा. लहान मुलांना हा दाखला फार आवडतो, आणि तो त्यांच्या ध्यानात राहतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मुलांकडे वळू. काही मुलांचा आवाज ऐकूच येत नाही, आणि पालक त्यांना शहाणी म्हणून समाधान मानतात. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील किंवा सीमेवरील घरांत याचे एक विशेष कारण असू शकते. घरी मराठी, शाळेत हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी. नवी भाषा कानावर पडू लागली की कित्येक मुले काही काळ नुसती ऐकत राहतात, आणि बोललीच तर पुटपुटतात. हा दोष आवाजाचा नसतो. शब्दांची खात्री नसल्याचा असतो. अशा मुलाला "मोठ्याने बोल" म्हणून सर्वांदेखत उभे करू नये. त्याला घरी मराठीत मोकळेपणी, भरपूर बोलू द्यावे; वर्गात एखाद्या सोबत्याबरोबर बोलण्याची संधी द्यावी. खात्री आली की आवाज येतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुलगा ओरडला तर "मुलगाच तो" म्हणून सोडून द्यायचे, आणि मुलीला मात्र "मुलीच्या जातीने हळू बोलावे" म्हणून दाबायचे, हा प्रकार आवाजाच्या शिक्षणात बसत नाही. स्वरपट्ट्यांवर गाठी येण्याचे प्रमाण लहान वयात मुलग्यांतच अधिक आढळते. तेव्हा आवर घालण्याची गरज त्यांनाही आहे. आणि गर्दीत हात सुटला, कोणी नको तसा स्पर्श केला, पाण्यात पाय घसरला, तर मुलीला पोटातून, पूर्ण बळाने ओरडता आले पाहिजे. पटांगणावरचा आवाज तिच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. संकटात तो कसा वापरायचा, हे मुलगा असो की मुलगी, दोघांनाही उघडपणे शिकवून ठेवावे.

शेवटी थोडे आरोग्याविषयी. मुलाचा आवाज घोगरा होऊन तीन-चार आठवडे तसाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. सतत ओरडण्याने स्वरपट्ट्यांवर घट्ट्यासारख्या लहान गाठी येतात. मुलांच्या घोगरेपणाचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून, आवाजाच्या वळणानेच ते बरे होते. घोगरेपणाबरोबर श्वास घेताना आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. जे मूल नेहमीच फार मोठ्याने बोलते, वारंवार "काय?" म्हणून विचारते किंवा टेलिव्हिजनचा आवाज वाढवते, त्याचे कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला आरडाओरडीबद्दल शिक्षा होणे हा मोठाच अन्याय आहे.

श्रोते हो, मूल आवाज शिकते ते ऐकून आणि ऐकले जाऊन. १९८० साली अमेरिकेतील डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवले की, तीन दिवसांच्या आतले अर्भकही आपल्या आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून निराळा ओळखते, आणि तो पुन्हा ऐकू यावा म्हणून खटपट करते. इतक्या आधीपासून ते आपल्याकडे कान लावून असते. आपणही त्याच्याकडे तसेच कान लावावेत, एवढीच विनंती. उद्यापासून आठ दिवस एक साधी गोष्ट करून पाहा: मुलाच्या पहिल्या हाकेला किती वेळा उत्तर दिले आणि चौथ्या हाकेला किती वेळा, ते मनाशी मोजा. पहिल्या हाकेची उत्तरे वाढू लागली की चौथ्या हाका आपोआप कमी होतील.